रेडिओमामाला बोलतं केलं तेव्हा

रेडिओमामाच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे साऱ्या वस्तीला ठाऊक होतं. शेतात खुरपायला बसला की त्याचं खुरपं थांबायचं, तोंडाचा पट्टा थांबायचा नाही. म्हणून लोकांनी त्याला रेडिओ केलं, आणि भाचीमुळे तो सगळ्यांचाच मामा झाला. त्यामुळे पुढाऱ्याच्या माणसांनी जीप आणून नेमकं त्यालाच उचलून पोलीस चौकीत नेलं, तेव्हा वस्तीने कपाळाला हात लावला. न्यायचंच होतं, तर दुसरं कुणी मिळालं नाही का मेल्यांना!

वस्ती म्हणजे शहराच्या कडेचा बंद पडलेला बर्फाचा कारखाना. ज्या जमिनीत ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या राबली, ती पुढाऱ्याच्या जावयाच्या डोळ्यांत भरली. मग एका दुपारी झोपड्या आपोआप पेटल्या. आपोआप म्हणजे सरकारच्या मते आपोआप. रॉकेलचे डबे कुणाच्या हातात होते ते सगळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हापासून सारे कारखान्यात चादरींचे आडोसे करून राहत होते आणि छताजवळच्या गंजक्या नळ्यांवर लंगोटांपासून लुगड्यांपर्यंत सगळं वाळत होतं.

आपण आपल्या रानात परत जायचं, असं भाचीने भर चौकात ठणकावून सांगितलं आणि त्याच दिवशी ती दिसेनाशी झाली. पुढारी तिला सगळीकडे हुडकत होता. ती मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करत होती. हे ठाऊक होतं फक्त तिला आणि मामाला. मामाला सांगावं का कुणी असलं? पण आईविना पोरीला त्यानेच लहानाची मोठी केली होती. माया आंधळी असते, दुसरं काय!

चौकीच्या मागच्या खोलीत साहेबाची जय्यत तयारी होती. रबरी नळी, पाण्याची बादली, दोर आणि दोन दांडगे शिपाई. न बोलणाऱ्याला बोलतं करायची सगळी सोय होती. बोलणाऱ्याला गप्प करायची मात्र काहीच नव्हती.

"तुझ्या मागे कोण आहे?" साहेबाने विचारलं.

"कुणी नाही हो साहेब." मामा सांगू लागला. "बायको गेली, पोरबाळ झालं नाही. मी मेलो तर रडायला कोण, ह्याचीच पंचाईत आहे."

"तसं नव्हे रे! तुझ्या पाठीशी कोण?"

"पाठीवर एक बहीण झाली. लहानपणी फार किरकिरी होती बघा, तिला—"

"अरे, ह्या सगळ्यात डोकं कुणाचं?"

"आमच्यात डोकं असतं, तर दुसऱ्याच्या शेतात राबलो असतो का साहेब?"

साहेबाला वाटलं, म्हातारा आपल्याला बनवतोय. मामा बनवत नव्हता. त्याच्या बोलीत मागे म्हणजे मेल्यावर मागे, आणि पाठ म्हणजे पाठची भावंडं.

मग भाची कुठे लपलीय ते विचारत त्याला बाकाला बांधलं. तळव्यांवर नळी ओढली, डोकं बादलीत बुडवलं, वर काढलं, पुन्हा बुडवलं. इथे हसण्यासारखं काही नाही. तळवे फुटले, मामा गुरासारखा ओरडला. म्हाताऱ्या माणसाला बांधून मारणाऱ्याला शोभेल अशी शिवी अजून आपल्या भाषेत व्हायची आहे.

आणि मग मामा जो बोलत सुटला! नमनालाच घडाभर तेल. मेलेल्या बैलाचं पोटदुखणं, बायकोशी मिठावरून झालेलं भांडण, कुठल्या विहिरीचं पाणी गोड, कुठल्या मुकादमाची नजर वाईट. लिहून घेणाऱ्याने बैलापाशीच पेन खाली ठेवलं. साहेबाचे कान किटले. असल्या बडबड्याला कोण काय सांगणार, असं म्हणून त्यांनी त्याला कारखान्याच्या दारात आणून टाकलं.

भाचीला काही झालं नव्हतं, म्हणजे म्हाताऱ्याने ब्र काढला नाही! वस्तीचा जीव भांड्यात पडला. ज्या बायका त्याला पाहिलं की आडोसा ओढून घेत, त्या आता त्याला भरवायला बसल्या. मामा मात्र गप्प. ह्याचीच सगळ्यांना जास्त धास्ती वाटली.

सकाळी भाची आली, डोक्यावर धुण्याचं गाठोडं घेऊन. मलम काढून ती पायांशी बसली, तसे मामाने पाय आखडून घेतले.

"मी सांगितलं होतं," तो म्हणाला.

"काय सांगितलं होतंस?"

"इस्पितळ, धुलाईघर, खिडकीजवळची इस्त्री. सगळं. दुसऱ्यांदा बादली भरली तेव्हा."

भाचीचा हात थांबला. "मग मला धरलं कसं नाही?"

"बैलाच्या आणि मिठाच्या मध्ये सांगितलं ना. कुणाच्या ध्यानातच आलं नाही. मुकादमापर्यंत आलो तेव्हा साहेब ओरडला, 'पुरे थेरड्या, तोंड बंद कर!' केलं बंद. जन्मात पहिल्यांदा कुणाचं ऐकलं."

भाचीला हसू फुटलं. मामा हसला नाही.

"परत नेतील ते. आणि परत नेलं, तर मी परत सांगेन. माझ्यात तेवढा दम नाही, पोरी. आजच्या आज इस्पितळ सोड. आणि कुठे जाणार ते मला सांगू नको."

"मामा, तुला नाही तर कुणाला—"

"सांगू नको म्हटलं ना!"

ती उठली. कारखान्याला दोन दारं होती, एक बाजाराकडे, एक नदीकडे. कोण कुठे चाललंय हे विचारल्याशिवाय ज्याच्या घशाखाली घास उतरत नसे, त्याने भिंतीकडे तोंड केलं, दोन्ही कानांत बोटं घातली, आणि शेजारणीने खांदा हलवेपर्यंत तो तसाच पडून राहिला.