तिची ओटी मी भरली नाही

अजून राग येतो. तुला लाइफ कोच बनवते बोलली होती ती ताई मला. घोडबंदरला टॉवरमध्ये राहते, तिथल्याच क्लबहाऊसमध्ये क्लास घ्यायची. मी कोपरीची, दहावी नापास, कडेवर पोरगी. मी पहिल्याच दिवशी सांगितलं, ताई, मला इंग्लिश येत नाही. तर बोलली, अगं शिक्षण कोण विचारतंय, श्रद्धा पाहिजे. मला एवढं बरं वाटलं ना, कारण आमच्या चाळीत बायका तशाही माझ्याकडेच येऊन रडायच्या, म्हटलं आता खुर्चीवर बसून ऐकू.

शिकवलं काय, तर बाईचं ऐकायचं, जप द्यायचा, नवऱ्याला सोड असं कधीच बोलायचं नाही, आणि शेवटी देवीच्या फोटोसमोर ओटी भरून तिला तिच्या घरी पाठवायचं. ओटी न भरता बाई उठली तर तिचं वाईट होतं आणि ते कोचवर येतं. मी घाबरट, सगळं खरं मानलं.

शेवटच्या दिवशी परीक्षा होती. खरी बाई समोर बसवली, डोंबिवलीची, माझ्याच वयाची, पोटुशी. पदर गळ्याभोवती घट्ट. बोलता बोलता पदर सरकला आणि मला गळ्यावर बोटं उमटलेली दिसली, काळीनिळी, दोन्ही बाजूंना.

ती बोलली, "मला घरी जायची भीती वाटते."

ताई मागून बोलली, "तिला सांग, नवऱ्यात देव बघ. आणि ओटीचं ताट घे आता."

मी नारळ उचलला. ती पदर पुढे करून बसली, गुमान, आणि माझा हातच पुढे जाईना. भरली की ही उठणार आणि त्याच्याकडेच जाणार ना.

"माहेरी कोण आहे गं तुझं?"

"भाऊ. कल्याणला."

मी नारळ ताटात ठेवला. ताई एकदम उभी राहिली. "पोटुशी बाईला रिकाम्या पदरानं उठवतेस? उद्या बाळाचं काही झालं तर?"

भीती वाटत होतीच, खोटं कशाला बोलू. पण आतून असा संताप आला. तो गळा ताईला पण दिसत होता ना, मला दिसला तसाच. मी बोलले, "ताई, तुम्ही जाल का हिच्या घरी राहायला?" आणि त्या बाईचा हात धरून निघाले, दुसऱ्या कडेवर पोरगी.

घोडबंदरला बस हलेना. तिच्या नवऱ्याचा फोन सारखा येतोय, ती सारखी बघतेय, शेवटी मी तिचा फोन घेतला आणि पोरीच्या लंगोटांच्या पिशवीत खाली कोंबला. तेवढ्यात माझा वाजला. ताईनं मला क्लासच्या ग्रुपमधून काढलं होतं, आणि वेगळा मेसेज, देवीचा अपमान केलास, तुलापण मूल आहे. माझ्या पोरीवरून बोलली ती. मी अख्खा रस्ता पोरीचं कपाळ चाचपत होते, ताप आला का, ताप आला का.

कल्याणला भावाच्या दारात पोचलो. वहिनीनं दार उघडलं, हातात पळी. नणंदेचा गळा बघितला, माझ्याकडे बघितलं, बाजूला झाली. "आत या. गॅस चालू आहे माझा."

मला राहवेना. मागोमाग किचनमध्ये गेले, म्हटलं, "वहिनी, हिची ओटी राहिलीय माझ्याकडून. तुम्ही भरा ना मूठभर तांदळाने. मला लई भीती वाटते."

तिनं तांदळाचा डबा काढला होताच. झाकण उघडत बोलली,

"ओटी भरतात बाई निघताना. ही कुठं निघालीय?"

आणि दोन वाट्या जास्तीचे घेऊन तांदूळ धुवायला लागली.