तळ्यातल्या माशांचा खाऊ

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली होती तेव्हा डिलाईल रोडच्या चाळीत माझ्या शेजारी आमच्याच गावचे, गिरणीत माग चालवणारे एक साचेवाले एकटे राहत. गिरणी सुटली की ते वखारीतून पोखरलेली लाकडं आणत, कागदावर आपटून वाळवी झाडत आणि गॅलरीत उन्हात वाळवत. बायका नाकं मुरडत. ते हसून म्हणत, "अगो, माझ्या माशांचो खाऊ तो!"

मासे गावी होते, घरामागच्या तळ्यात. ते त्यांची बायको पाळायची. वाळवीत कोंडा कालवून केलेल्या गोळ्या ते गावी जाणाऱ्याबरोबर धाडत. स्वतःचं जाणं मात्र राहूनच जाई.

एका हरताळात मी गावी निघालो. सकाळीच मोर्च्यात त्यांनी लाठी खाल्ली होती. तरी हाताला फडकं बांधून ते बोटीच्या धक्क्यापर्यंत आले आणि पुडकं माझ्याकडे दिलं.

गावी त्यांच्या बायकोनं, वहिनींनी, गोळ्या तळ्यात टाकल्या. मासे उसळून वर आले. त्यांच्याकडे बघतच त्या म्हणाल्या, "आणि तेंका थंय मुंबयत कोण वाढता रे?"

मी मुंबईत परतल्यावर साचेवाल्यांनी आधी मासे केवढे झाले ते विचारलं. मी हातांनी दाखवलं. मग वहिनी काय म्हणाल्या तेही सांगितलं. वाळवी झाडणारा त्यांचा हात थांबला.

"परत सांग," ते म्हणाले.

मी परत सांगितलं.