कारखान्यातला लाल डोळा

एका दसऱ्याला मी आमच्या बिस्किटांच्या कारखान्यातल्या नव्या कॅमेऱ्याच्या थेट भिंगालाच कुंकू लावलं. तेव्हा मी जेमतेम पासष्टची, अक्कल यायची होती. पूजा झाली, पट्टा सुरू झाला आणि करपलेला माल हेरणारा तो कॅमेरा एकूण एक बिस्किट बाजूला ढकलू लागला. बाहेर दिवाळीचा माल न्यायला टेम्पो उभा. कारखाना चालवणारी माझी सून फोनवर इंजिनिअरला विनवत होती. तो म्हणे, सगळी यंत्रणा पुन्हा बसवावी लागेल. मी टाकलेल्यातलं एक बिस्किट चाखलं. छान खुसखुशीत! मग वर पाहिलं, तर तो लालबुंद डोळा.

डोळ्यात काही गेलं तर आपण निदान चोळतो तरी. त्या बिचाऱ्याला सगळं जगच करपलेलं दिसत होतं, आणि आम्ही डोळसांनी त्याचंच खरं मानलं होतं. मी पदराने भिंग पुसलं. पहिलं बिस्किट ऐटीत पुढे सरकलं, तशा पॅकिंगच्या बायकांनी टाळ्या पिटल्या. मी तर गड जिंकल्यासारखी कमरेवर हात ठेवून उभी!

सून म्हणाली, "आई, पुढच्या दसऱ्याला याचं कपाळ कुठाय ते आधी मला विचारा."