लिंबावरून बेलावर

माझ्या लिंबावर माझा किती जीव आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे आणि त्यावरून मला चिडवायची संधी कुणी सोडत नाही. आमच्या घरामागे जेमतेम दोन झाडं मावतील एवढी जागा. एक लिंबू, ते माझं. त्याला खेटून बेल, तो सासूबाईंचा. यंदा आषाढ सरता सरता लिंबाला अशी पालवी फुटली की मी लोणच्याच्या बरण्या काढून पुसायला घेतल्या. आणि एका सकाळी बघते तर काय, कोवळी पानं शेंड्याकडून कुरतडलेली!

पानांवर पक्षी शिटल्यासारखे काळेपांढरे ठिपके दिसत होते. एकाला काडीने डिवचलं तर त्याने मान वर केली. अळ्या! मी तिथूनच ओरडले आणि भावाला फोन लावला.

भावाची दिंडोरीकडे द्राक्षबाग आहे. झाडाला कीड लागली म्हटलं की त्याच्या अंगात येतं. दुपारी तो पिकअप घेऊन दारात हजर. मागे भला मोठा ड्रम, पंप, पाइपाचं भेंडोळं. तोंडाला मास्क, पायात गमबूट. अख्खी बाग फवारून निघेल एवढा सरंजाम, आणि तो माझ्या खांद्याएवढ्या लिंबासाठी!

"ताई, तू निस्ती बाजूला हो. एक फवारा हाणतो, विषय संपला."

तेवढ्यात खिडकीतून सासूबाईंचा आवाज आला. "का रे, फवारल्यावर किती दिवस पान तोडायचं नसतं?"

द्राक्षवाला माणूस या प्रश्नाला खोटं उत्तर देऊच शकत नाही. "पंधरवडाभर तरी नाय तोडायचं, मावशी."

"आणि माझा बेल त्याला चिकटलेला. श्रावणातला सोमवार तोंडावर आलाय. तुझं औषध महादेवाच्या डोक्यावर घालू होय?"

भावाने पाइप गुंडाळला. गाडीत बसताना म्हणाला, "मावशींचा आवाज लय खणखणीत हाय. पाय कसा हाय?"

घोडं तिथेच अडलं होतं. उन्हाळ्यात सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, उत्तम झालंय, आता चाला. पण त्या खिडकीपाशी खुर्ची टाकून बसल्या त्या बसल्याच. वॉकर कोपऱ्यात, त्यावर टॉवेल वाळत घातलेला. श्रावणात त्र्यंबकला जाऊन ब्रह्मगिरीची फेरी अनवाणी करणारी बाई, आणि मागच्या दोन पायऱ्या उतरेना! "पडले तर?" एवढंच म्हणायच्या. मी समजावलं, रागावले, एकदा रडलेसुद्धा. ही खुर्ची आता सुटत नाही, अशी मला मनातून धास्ती बसली होती.

फवारणी नाही म्हटल्यावर मी हातानेच अळ्या वेचायला लागले. त्यावरही खिडकीतून हुकूम आला: श्रावणात जीव मारायचा नाही, डब्यात भर आणि मागच्या मोकळ्या प्लॉटात सोड. पहिल्या दिवशी शिसारी आली. पण मग काय मजा यायला लागली म्हणून सांगू! लहान अळी शिटेसारखी दिसते. मोठी होते हिरवीगार आणि पानावर अशी पडून राहते की नाकासमोर असून दिसत नाही. आणि बोट लावलं की डोक्यातून नारिंगी शिंगं बाहेर! वर असा उग्र वास की मी किंचाळलेच.

"आई, शिंगं काढली हो हिने!"

खिडकीतून नुसतं "हं" आलं.

मग एक दिवस सहज बेलाकडे नजर गेली. तीच अळी, तीच शिंगं. लिंबावरच्या अळीला बेलही चालतो हे मला तेव्हा कळलं. मी ओरडले, "आई, तुमच्या बेलावर चढल्या!"

आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. वळून बघते तर सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात. वॉकर नाही, काठी नाही. एक हात चौकटीला, मग भिंतीला, आणि तिरक्या होत होत त्या दोन्ही पायऱ्या उतरल्या. बोलले असते तर त्यांना गुडघा आठवला असता.

"कुठे आहे? दाखव. एक भोक पडलं तरी ते त्रिदळ पिंडीवर चालत नाही."

त्यांनी फांदी वाकवली आणि अळी चिमटीत धरली. तिने शिंगं काढली. "मला शिंगं दाखवतेस?" असं म्हणून त्या खळखळून हसल्या. कितीतरी महिन्यांनी मी ते हसू ऐकलं. मला तर तिथेच फुगडी घालावीशी वाटली.

मग रोज सकाळी त्या खाली यायला लागल्या. बेलाभोवती फिरून एकेक पान उलटून बघायच्या. सोमवारी देवघरातल्या पिंडीवर अखंड त्रिदळं वाहिली. आणि मंगळवारी बाई परत खुर्चीत! "झाड स्वच्छ झालंय. आता कशाला उतरू?"

माझी सटकली. तणतणत मागे गेले, तर लिंबाच्या पानांखाली आणखी अळ्या लपलेल्या. मी खिडकीकडे बघितलं. सासूबाई आंघोळीला गेल्या होत्या. मी डबा घेतला, लिंबावरच्या चांगल्या गलेलठ्ठ अळ्या उचलल्या आणि बेलावर नेऊन ठेवल्या.

"आई, परत आल्या!"

त्या आल्या! लगबगीने आल्या!

सगळा श्रावण मी हेच केलं. रोज अळ्या मिळाव्यात म्हणून लिंबाची वेचणी बंद केली. भावाने व्हिडिओ कॉलवर झाड बघितलं आणि कपाळाला हात लावला. "ताई, पार बोडकं झालं की! अळ्यांची शेती करते काय?" मी कॉल कट केला. यंदा लोणचं नाही, बरण्या परत माळ्यावर गेल्या. मला त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही.

शेवटच्या सोमवारनंतरची सकाळ. नेहमीसारख्या अळ्या मी त्यांच्या हाताला येतील अशा फांदीवर ठेवल्या होत्या. सासूबाई भिंतीला हातही न लावता पायऱ्या उतरल्या, त्यांनी सगळ्या अळ्या वेचल्या आणि डब्याचं झाकण लावलं. मग माझ्या लिंबाच्या उघड्या फांद्यांवरून हात फिरवला.

"उद्यापासून नको आणून ठेवूस," त्या म्हणाल्या. "लिंबाला पानं फुटू देत. मी तशीही येईन."