दुबईची मैत्रीण
मिसळीच्या कटावर लाल तवंग आला, की त्या वासानं मला दुबईची मैत्रीण आठवते. इंग्रजी सुधारावं म्हणून मी फोनवर एक ॲप घेतलं होतं. त्यात अनोळखी माणसाशी फक्त इंग्रजीत बोलायचं. तिथं ती भेटली आणि रोज दुपारी आमच्या गप्पा सुरू झाल्या. ती उंच खिडकीतून दिसणारा दुबईचा समुद्र सांगायची, मी पुण्यातलं माझं थंडगार ऑफिस. खरं तर मी आमच्या हॉटेलच्या मागं कांद्याच्या पोत्यावर बसलेली असायचे. एकदा मी ऑफिसातल्या एसीची तक्रार करत होते, तेवढ्यात आतून गिऱ्हाईक ओरडलं, “ओ वहिनी, कट वाढा की जरा!” पलीकडून तिचा मोकळा, मोठा आवाज आला, “अगं, कोल्हापुरात हाईस व्हय तू?” मी म्हटलं, “आणि तू?” “हितंच की, रंकाळ्याजवळ.” हसू यायला हवं होतं, पण माझे कान तापले, आणि मराठीत काय बोलावं ते दोघींनाही सुचेना. फोन आधी कुणी ठेवला, आठवत नाही. परत कुणीच लावला नाही. आता हॉटेलात कुणी अनोळखी बाई कट मागते, तेव्हा मी मुकाट्यानं वाढते. माझा आवाज तिनं ओळखू नये म्हणून.