बेंबीतला दगडीपाला

पोटदुखीला ओवा आणि विळ्याच्या घावाला दगडीपाला, एवढीच आमच्या घरातली औषधं. पित्ताच्या खड्यांची कळ आईने चार वर्षं ओवा चावत काढली. लोकांच्या शेतात भात कापताना बांधावर वाकडी होऊन बसायची, उठून परत विळा धरायची. मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. नोकरी लागल्यावर तिचं दुर्बिणीचं ऑपरेशन मी करवलं.

पोटावर चार बारीक छेद, त्यातला एक बेंबीत. घरी सोडताना मिळालेला इंग्रजी कागद मी मराठीत वाचून दाखवला: जखम कोरडी ठेवा, वरून काही लावू नका. मग वाशिंदला कामावर गेले. धसईच्या घरी आईपाशी आत्या राहिली.

शनिवारी घरात पाऊल टाकलं आणि वास आला. कुबट, गोडसर. आईचं पोट लुगड्याच्या पट्टीने बाळंतिणीसारखं आवळलं होतं. पट्टी सोडली. बेंबीत पाल्याचा काळा लगदा. भोवतीची कातडी लाल, हाताला गरम.

"आत्या, हे काय केलंस?"

"एवढंसं तर भोक. विळा लागतो तवा याच्याहून मोठं पडतं. पाल्यानं सुकतंच ना?"

"बाहेरून एवढंसं. आत पार पोटात गेलंय ते."

"बुकं शिकलीस म्हणून डाक्टरीण नाय झालीस गो."

कागद वाचताना पाल्याचं नाव मी घेतलं नव्हतं. चूक माझीही होती.

मी बॉलपेनने लालीच्या कडेने रेघ मारली.

"आता पोटावर काय लिवतेस?" आत्या म्हणाली. आई हसली आणि कळ येऊन तिने पोट धरलं.

दुपारपर्यंत लाली रेघेबाहेर दोन बोटं सरकली. आईला हुडहुडी भरली. आत्या त्या रेघेकडे बघत राहिली. मग आईची चादर पिशवीत कोंबत म्हणाली, "रिक्षा बोलव. लवकर."

मुरबाडला डॉक्टरांनी टाका उघडून पू काढला. म्हणाले, "उद्यावर टाकलं असतं तर काही सांगता आलं नसतं." जखम उघडीच ठेवली. ती तळापासून भरायला हवी. वरून मिटली तर पू पुन्हा आत साचेल. म्हणून रोज गॉज भरायचा.

नर्सकडून मी ते शिकून घेतलं, रजा काढली. रोज सकाळी साबणाने हात धुऊन गॉज काढायचे आणि आधी वास घ्यायचे. रोज वाटायचं, आज तोच वास येणार.

तीन आठवड्यांनी गॉज आत जाईना. जखम तळापासून भरली होती. आई वाचली, आणि घरातलं एकेक ड्रेसिंग मी माझ्या हाताने केलं.