फडक्याखालचा हात

हां, तर कोंडू गाडीतून उडाला आणि थेट उकिरड्यात पडला, तिथं काल आपण थांबलो होतो. पडला तोही पालथा. अंगात कार्याला म्हणून जपलेली पांढरी बंडी, मुठीत सुपारी फोडायचा अडकित्ता. अख्खं सापगाव हसत होतं आणि दोन्ही बैल मात्र असे गंभीर उभे, जणू त्यांचं काही चुकलेलंच नाही. आणि खरंच, त्यांचं काही चुकलं नव्हतं.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी जरा मागून सांगतो. हा कोंडू म्हणजे गोजरचा चुलता, आणि गोजर म्हणजे आमच्या शेजारच्या चांगोची एकुलती एक पोर. साल असेल एकोणीसशे छत्तीस-सदतीस. राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपाची जमीन भाजायला, ऐनाच्या फांद्या तोडताना चांगो झाडावरून खाली आला, तोही फांदीच्या आधी. पाय वाकडा बसला. लंगडत लंगडत नांगर धरील, पण लांबचं चालणं संपलं. त्यात श्रावणात त्याच्या जोडीतल्या एका बैलाला पान लागलं. म्हणजे साप चावला. पण जनावराचं नाव घ्यायचं नाही, म्हणून पान म्हणायचं. गोठ्यात उरला एकटा टिकल्या.

एका बैलावर भातशेती होत नाही. हे सगळ्यात आधी कळलं ते कोंडूला, कारण त्याचा बांध चांगोच्या बांधाला लागून. "दादा, तुजं शेत मी अर्ध्यानं करतो," असं तो दिवसाआड येऊन सांगायचा. आणि कोंडूकडं अर्ध्यानं गेलेलं शेत परत येताना गावात कोणी बघितलं नव्हतं. तेव्हा शेत राखायचं तर ज्येष्ठाच्या आत दुसरा बैल दारात हवा.

गोजर काही कपाळाला हात लावून बसणारी नव्हती. आटगावला गवताची वखार होती. मुंबईच्या तबेल्यांसाठी तिथं गवत दाबून गासड्या बांधायचे. कार्तिकभर ती बायांबरोबर गवत कापायला गेली आणि बैलापुरती कमाई कमरेच्या गाठीला बांधून आली. पण बैल मिळायचा म्हसा गावच्या पौषातल्या जत्रेत, आणि जत्रेत बैलाचा भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि विकणारा हातात हात घालतात, वर फडकं टाकतात आणि आतल्या आत बोटं दाबून भाव ठरवतात. बाजूच्याला पत्ता लागत नाही. आता तुम्हीच सांगा, लग्नाच्या वयाची पोर परक्या पुरुषाच्या हातात हात कसा देणार? म्हणून जत्रेला जायचं कोंडूनं. आणि कोंडूची आज कंबर धरायची, उद्या त्याला पडसं यायचं.

त्याऐवजी त्यानं दुसराच बैल शोधून काढला. तोसुद्धा नवऱ्यासकट!

आटगावचा दामू. बायको वारलेली, मिशा मोठ्या, बोलणं थोडं. त्याच्याही गोठ्यात एकच बैल, हरण्या.

"गो पोरी," कोंडू म्हणाला, "तुमचा एक बैल, त्याचा एक. दोन घरं जुळली का जोड झाली!"

"मंग बैलांचंच लावा ना लगीन," गोजर म्हणाली. "मी वऱ्हाडात येन."

हसण्यावारी नेलं खरं तिनं, पण पोरीला मेख कळली होती. ती आटगावला नांदायला गेली की टिकल्या तिच्याबरोबर जाणार. मग मोडक्या पायाच्या चांगोच्या शेतात उतरणार कोण? कोंडू. चांगोलाही ते दिसत होतं. पण भावाच्या तोंडासमोर तो भिजल्या मांजरासारखा गप्प.

"बाबा, मी नाय म्हनत नाय," गोजर एकदम गरीब गाईसारखी म्हणाली. "फकस्त सुपारी फुटायच्या आधी बैल जुंपून बघा. त्यांचं जमलं तर आमचं जमलं."

सगळ्या गावाला हे भारी पटलं. कोंडू तर म्हणाला, "बघा, पोर शहाणी झाली!"

बैल विकत घ्यायचा तर आमची माणसं त्याचे दात मोजतील, शेपूट ओढतील, चार वेळा मागं-पुढं चालवतील आणि पहिला सवाल विचारतील, डावीकडं चालतो की उजवीकडं? कारण बैल ज्या बाजूला शिकला त्या बाजूलाच आयुष्यभर चालतो, दुसऱ्या बाजूला जुंपला की माहेरवाशिणीसारखा रुसतो. पण हा बैल नवऱ्याबरोबर फुकटात येत होता ना! कुळं विचारली, पोरीच्या बापाला द्यायचं देज ठरलं, जेवणात भात किती नि वाल किती तेही ठरलं. बैलाची बाजू कोणी विचारलीच नाही. टिकल्या डावीकडचा, हे आपल्या सगळ्यांना माहीत. आणि हरण्याही डावीकडचाच, हे माहीत फक्त गोजरला. वखारीच्या गाडीला तो दुसऱ्याच्या बैलाबरोबर डावीकडंच जुंपलेला असायचा, तिनं कार्तिकभर बघितला होता.

सुपारीच्या दिवशी दामू हरण्याला घेऊन आला आणि गाडी जुंपली. मानाचा माणूस म्हणून कोंडू पुढं बसला. दामूनं चाबूक उडवला मात्र, दोन्ही बैल एकाच वेळी डाव्या अंगाला रेटू लागले. टिकल्याला आपली जागा सोडायची नव्हती, हरण्याला ती घ्यायची होती. गाडी एकदा गोल फिरली, दुसऱ्यांदा उकिरड्याच्या कडेला चढली, आणि पुढचं तुम्ही काल ऐकलंत.

आपण कोंडूकडं बघत होतो, गोजर मात्र धावत दामूकडं गेली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "दामूभाऊ, लागलं नाय ना वो?"

झालं! साऱ्या गावासमोर भाऊ म्हटल्यावर कुठली सुपारी फोडता? दामूनं मिशीवरचं शेण पुसलं आणि कोणी न शिकवता उत्तर दिलं, "नाय गो, ताई." भला माणूस. घरी जाताना हरण्याला थोपटत गेला. मला तर वाटलं, तोही सुटल्यासारखाच चालत होता.

कोंडू मात्र अंगण सोडेना. "आता बघतोच," तो बंडी झटकत म्हणाला, "म्हशाला जातो कोन ते!"

पौषात आमची गाडी जत्रेला निघाली, घोंगड्या आणि तवे आणायला. पहाटे बघतो तर गोजर टिकल्याला घेऊन वाटेत उभी. गाडीच्या मागं तिनं तो बांधला, माझ्या आयशीशेजारी चढून बसली आणि म्हणाली, "म्हातारे, सरक जरा." किन्हवली, सरळगाव, मुरबाड, सारी वाट दोघी वालाच्या शेंगा सोलत गप्पा मारत होत्या.

म्हशाला बैल बघायचे तर डोळे पुरत नाहीत. गोजरनं अर्धा दिवस नुसतं फिरण्यात घालवला. शेवटी मंगळू नावाच्या हेड्याजवळ थांबली. हेडी म्हणजे बैलांचा व्यापारी, आणि हा मंगळू बोटं दाबण्यात असा पटाईत, की त्याच्याशी सौदा करून उठलेला माणूस आधी बोटं मोजायचा. मागं चुलीवर त्याची बायको भाकऱ्या थापत होती. गोजरनं एक तांबडा बैल काढायला लावला, टिकल्याच्या उजवीकडं जुंपायला लावला, चार फेऱ्या मारून बघितला. मग पदर खोचला आणि मांडी घालून बसली.

"फडकं टाका."

मंगळू हसला. "पोरी, बापाला आन."

"बापाचा पाय मोडलाय. सौदा हातानं होतो ना? हात हाय माजा."

लोक गोळा झाले. इतक्या माणसांसमोर पोरीला घाबरला असं दिसायला नको, म्हणून मंगळूनं उपरणं टाकलं आणि हात आत घातला. तिथंच फसला. जन्मभर बाप्यांची बोटं पिळणारा तो माणूस, पोरीची बोटं दाबायची कशी? हलकं धरावं तर लोक हसतात, जोरात धरावं तर चुलीपुढची बायको बघतेय. त्याच्या कपाळावर घाम. गोजरनं मात्र आपला भाव असा कचकन दाबला, की तो बसल्या जागी ताठ झाला. हात ओढायला बघतो तर ती सोडीचना! सौदा होईस्तोवर हात सोडायचा नाही, हा रिवाज त्यांचाच.

तव्यावरची भाकरी करपली. मग मात्र बायको कालथा घेऊनच उठली. "अवो, द्या की तो बैल त्या पोरीला! काय मघापासून हात धरून बसला?"

मंगळूनं दुसऱ्या हातानं कान पकडला आणि बैल गोजरच्या भावात दिला. वर बायकोनं गोजरच्या पदरात दोन भाकऱ्या घातल्या.

सापगावात बैलाच्या आधी बातमी पोचली. आम्ही उतरतो तर चांगो ओट्यावर काठी टेकून उभा, डोळ्यांत पाणी, आणि अंगणात कोंडू कंबरेवर हात ठेवून. कंबर आता बरी झाली होती. तांबड्या बैलाकडं त्यानं एकदा बघितलं, शेत हातचं गेलं हे त्याला कळलं, आणि सगळा राग तोंडाला आला.

"लाज नाय वाटली गो? भरल्या जत्रेत परक्या बाप्याचा हात धरून बसलीस! आता तुजा हात कोन धरनार?"

गोजरनं बैल दावणीला बांधला, गाठ ओढून बघितली, आणि मग वळली.

"काका, बैलासाटी हात धरला तो फडक्याखाली धरला. नवऱ्यासाटी धरीन तवा फडकं काढून धरीन, आनि तो कुटल्या बाजूला चालतो ते आधी इचारीन."